खांद्यावर वाहवेल तेवढी पैज

१

सुकाणू मोडलं ते भरदुपारी, नारळी पुनवेच्या उधाणात, सगळ्या मांडवीच्या डोळ्यांदेखत; आणि दिवेलागणीच्या आत मांडवीने निकालसुद्धा लावून टाकला, की भागोजी तांडेलाने शर्यत विकली. निकाल लावायला मांडवीला कधी वेळ लागत नाही. गळाला मासा लागेपर्यंत जेवढं थांबावं लागतं, तेवढंही ही माणसं दुसऱ्याच्या अब्रूसाठी थांबत नाहीत.

निदान पेन्शनर फौजदार आप्पा विचारे यांचं मांडवीबद्दल असं मत होतं. साहेबाच्या नोकरीत त्यांनी चोर पाहिले, खुनी पाहिले. पण पैज लावणाऱ्यांइतकी तुच्छ जात पाहिली नाही, असं ते रोज संध्याकाळी पडवीत बसून, ऐकणारं कुणी नसलं तरी, सांगत. सन एकोणीसशे एकतीसच्या त्या पुनवेलाही बंदरावर न जाता ते पडवीतच बसले होते. माणसांचा गलका मात्र त्यांना इथवर ऐकू आला होता. आधी आनंदाचा, मग एकाएकी भलताच.

झालं होतं ते असं. शर्यत दोनच होड्यांची. एक दादू नाखव्याची ‘जयवंती’, तिच्यावर तांडेल भागोजी. दुसरी धाकूची ‘सोनसळी’, तिचा नाखवा म्हणजे मालक आणि तांडेल म्हणजे सुकाणू धरणारा, दोन्ही धाकूच. दरसाल जयवंती पुढे आणि सोनसळी मागे, हे ठरलेलं. यंदा खाडीच्या तोंडाशी वळण घेताना भागोजीच्या हातातलं सुकाणू खालून निखळलं, जयवंती कुशीवर कलली, शिडाचं परबाण, म्हणजे आडवा वासा, कोसळलं आणि रघू खलाशाचा हात मोडला. सोनसळी आरामात पुढे निघून गेली.

जनी आली तेव्हा आप्पा जेवायला उठत होते. जनी म्हणजे भागोजीची बायको. डोळे कोरडे, पदर कमरेला खोचलेला, आणि हातात एक नारळ.

“आप्पा, परवा दुपारी पारावर गावकी बसणार. भागोजीच्या हातातलं सुकाणू काढून घेणार म्हणतात. मग त्याला रत्नागिरीच्या बंदरात कोण उभं करील? मुंबईला गिरणीत जाऊन मरंल तो. त्याचा जीव पान्याबिगर ऱ्हायचा नाय.”

“मग मी काय करू? सुकाणू जोडायला मी सुतार आहे?”

जनीने नारळ पडवीच्या कट्ट्यावर ठेवला. “पैज लावते तुमच्याशी. भागोजी खरा हाय. खोटा निघाला तर हा नारळ तुमचा.”

“मी पैजा लावत नाही!” आप्पा कडाडले. “आयुष्यात लावली नाही.”

“मग तुमची आयुष्यात कशावर खात्रीच नसंल,” असं म्हणून जनी चालती झाली. नारळ तिथेच ठेवून.

आप्पा जेवायला बसले ते फणफणतच. पण पानात नारळीभात होता, आणि तो भात असा काही साधला होता की तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांना रागही आठवेना.

“नारळ कुठला गो हा? आपल्या माडांना एवढी गोडी कधीपासून आली?”

“सणाचा दिवस आहे, गोड लागणारच,” सावित्रीबाई म्हणाल्या, आणि ताक आणायला लगबगीने आत गेल्या. ताक पानाशेजारीच होतं.

२

आता मांडवीची पैज कशी ती सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

फार पूर्वी कुणा एका शहाण्याने शर्यतीवर आपली होडी लावली, मग घर लावलं, आणि त्याची पोरं दारोदार फिरली. तेव्हापासून गावाने नेम करून ठेवला, की पैज फक्त नारळांची. बाप्याने आपल्या खांद्यावर आपल्या घरून पारापर्यंत वाहवतील तेवढेच लावावेत, बाईने पदरात मावतील तेवढेच. हरणाऱ्यांचा ढीग जिंकणाऱ्यांनी वाटून घ्यायचा आणि घरी खायचा, विकायचा नाही. शर्यत रद्द झाली तर ज्याचे त्याला परत जावेत, म्हणून प्रत्येकाची आपली खूण. दादू नाखवा कुंकवाची पाच बोटं ओढी, भागोजी डांबराचा ठिपका देई.

हा नेम दरसाल पारावर उभं राहून सांगायचा मान दादू नाखव्याचा. “पैज म्हणजे मीठ, मंडळी! चवीपुरतं घ्यावं!” हे वाक्य तो डोळे मिटून, छातीवर हात ठेवून म्हणे. आप्पांनी एकदाच ते ऐकलं होतं आणि घरी येऊन चूळ भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा काठी घेऊन बंदरावर गेले. जनीसाठी नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सगळी मांडवी एका सुरात बोलते तेव्हा ती हमखास चुकते, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं.

सुकाणू वाळूत पडलं होतं. मांडवीची ती काळी वाळू त्याच्यावर चिकटली होती आणि शेजारी भागोजी उकिडवा बसला होता. धिप्पाड माणूस, पण एका दिवसात खांदे उतरले होते.

“खालची खुंटी बघा,” भागोजी म्हणाला. सुकाणू ज्या लोखंडी खुंटीवर फिरतं ती अर्ध्यातून तुटली होती. “कानशीनं कापलीय. निम्मी कापली, निम्मी वळणावर तुटली. मला दिसतंय, सगळ्यांना दिसतंय. म्हनून तर म्हनतात मीच कापली.”

आप्पांनी खाली वाकून पाहिलं. तुटलेल्या भागात निम्मं लोखंड खडबडीत आणि उजळ होतं. उरलेलं निम्मं सपाट, आणि त्याच्यावर लालसर थर.

“गंज,” मागे जमलेल्यांतला कुणीतरी म्हणाला. चार माणसं वाकली की मांडवीत चाळीस जमतात.

“एका दिवसात गंज चढतो तो तुझ्या अकलेवर,” आप्पा म्हणाले. त्यांनी नखाने लाल खरवडलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. तेलकट होतं. “हा शेंदूर आहे. भागोजी, सुकाणूला शेंदूर कुठे लागला?”

“नाखव्याकडे. शर्यतीच्या आदल्या सांजेला सुकाणू नाखव्याच्या देवघरात पूजेला जातं. सकाळी परत आणून मी बसवतो. पुसायचं नसतं, देवाचा शेंदूर असतो.”

म्हणजे शेंदूर कापलेल्या फटीत शिरला होता. म्हणजे शेंदूर लागण्यापूर्वीच, किंवा लागताना, खुंटी कापलेली होती.

“सुकाणू नाखव्याकडे द्यायच्या आधी कुणाकडे होतं?”

भागोजीने मान खाली घातली. “माझ्याकडेच,” तो म्हणाला.

३

देवघरातल्या सुकाणूच्या पाया पडायला शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दोघे बाहेरचे गेले होते. एक धाकू, कारण समोरच्याच्या सुकाणूला हात जोडायची रीतच आहे. दुसरे सखारामपंत वकील, कारण जिथे चार माणसं आणि खोबऱ्याची वाटी असेल तिथे सखारामपंत असतातच.

धाकू आपल्या अंगणात जाळं विणत बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपण कसे जिंकलो ते सांगत होता.

“वारा मला आधी कळला, आप्पा! शीड असं फिरवलं, असं!”

“तुझ्या शिडाने नव्हे, त्याच्या सुकाणूने जिंकलास तू.”

धाकूचा चेहरा पडला. त्याने जाळं खाली ठेवलं. “तेवढं बोलू नका. सात पिढ्यांत एकदा जिंकलो, त्यातही लोकं असंच बोलणार असतील तर मी हरलेलो बरा. देवघरात मी हात जोडले आनि भाईर आलो. नाखव्याची बायको सोबत व्हती. विचारा तिला.”

आप्पांना तो खरा वाटला. एवढा पोकळ माणूस कट करू शकत नाही. कट करायला पोटात काहीतरी राहावं लागतं.

सखारामपंतांनी पैजबंदीचं मंडळ काढलं होतं. शर्यती बंद पडाव्यात म्हणून ते कलेक्टरकडे अर्जावर अर्ज करत, आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसत.

“हा जुगाराचा परिणाम आहे, फौजदारसाहेब! मी बजावत होतो!”

“देवघरात तुम्ही किती वेळ होता?”

“तीर्थ घेण्यापुरता. खरं तर मला बसायचं होतं, प्रसाद यायचा होता. पण नाखव्यांनी आरती सुरू करायची म्हणून आम्हां सगळ्यांना ओटीवर घालवलं आणि दार लावून घेतलं. अहो, काय ती आरती! संपेचना! पोरांच्या हातात झांजा दिलेल्या, ती वाजवतायत, वाजवतायत. कानठळ्या बसल्या. शेवटी मी प्रसाद न घेताच आलो.” एवढं सांगताना वकिलांचा आवाज खरोखर दुःखाने भरून आला.

आप्पा तिथून थेट नाखव्याच्या घरी गेले. दादू नाखवा कपाळभर गंध लावून झोपाळ्यावर बसला होता. शेजारी त्याचा मेहुणा, लांज्याचा बाबल्या. त्याचं तिथे काजूचं दुकान. सणाला म्हणून आलेला, आणि दोन्ही गालांत लाडू.

“माझ्या होडीचं नाक कापलं हो त्या भागोजीने,” दादूने सुस्कारा टाकला. “पोटच्या पोरासारखा वागवला. जाऊ दे. देव त्याला क्षमा करो. गावकीत मी एक शब्द वाईट बोलणार नाही. फक्त सुकाणू काढून घ्या म्हणेन.”

“तू किती नारळ लावले होतेस, दादू?”

“पोतंभर. माझ्याच खांद्यावरून नेले. नेम म्हणजे नेम! सगळे गेले. पण गेले तर गेले. पैज म्हणजे मीठ, फौजदारसाहेब...”

“कळलं, कळलं,” आप्पा घाईने म्हणाले. त्यांना पुन्हा चूळ भरावीशी वाटू लागली होती.

निघताना बाबल्या दारापर्यंत सोबत आला. “फौजदारसाहेब, तुम्हांला शेतीवाडीचं कळतं. हापूसच्या बागेला कुंपण कसलं बरं? दगडी गडगा घालावा की काटेरी तार ओढावी?”

“तुझी कुठे आहे हापूसची बाग?”

बाबल्याने लाडू गिळला. “नाही, आपलं असंच विचारलं,” तो म्हणाला आणि झटकन आत वळला.

आप्पा घरी आले ते चिडूनच. संशय नाखव्यावर होता. पण संशयाने काय होतं? देवघराचं दार बंद होतं एवढ्यावर कुणाला फासावर देता येत नाही. नाखवा सरळ म्हणेल, की भागोजीने आधीच कापून आणलं आणि आम्ही बापड्यांनी त्याच्यावर शेंदूर फासला. आणि स्वतःची होडी स्वतःच कोण हरवतो? कट्ट्यावर जनीचा नारळ तसाच पडला होता. त्याच्याकडे पाहून त्यांना आणखीच राग आला.

४

गावकीच्या दिवशी सकाळी कुत्र्याने घात केला.

परसात केळीच्या बुंध्याशी कुत्रं माती उकरत होतं. आप्पा हाकलायला गेले तर असा काही दर्प आला की त्यांनी उपरणं नाकाला लावलं. मातीतून फुटका नारळ वर आला होता. आतलं खोबरं काळंनिळं, बुळबुळीत. आणि करवंटीवर कुंकवाच्या पाच बोटांच्या रेघा.

“सावित्री!”

सावित्रीबाई मागच्या दारात आल्या, नारळ पाहिला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हा नाखव्याचा नारळ आपल्या परसात कसा?”

 उत्तर एका दमात आलं. “अहो, मी दोन नारळ लावले होते सोनसळीवर. पदरात मावले तेवढेच! दरसाल जयवंतीवर लावते, यंदा वाटलं होडी बदलून बघावी. तुम्हांला सांगून काय करू, तुम्ही दिवसभर तोंड वाजवणार. जिंकले त्याचे दोन वाट्याला आले. एक डांबराच्या ठिपक्याचा, तो भातात घातला.”

आप्पांना तो भात आठवला. तीन वेळा वाढून घेतलेला. मांडवीतल्या पैजखोरांना इतकी वर्षं ते शिव्या देत होते आणि त्यांच्याच चुलीवर दर नारळी पुनवेला पैज शिजत होती. ते कुत्र्याकडेच बघत राहिले.

“आणि हा दुसरा?”

“फोडला तर असा निघाला. सणाच्या दिवशी घरात नासका नारळ! अवदसाच की! कुणाला सांगायचं? गुपचूप पुरला. असलं बोलून दाखवलं की खरं होतं म्हणतात.”

आप्पा तिथेच केळीखाली उभे राहिले. मांडवीतल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. पुरला असता, आणि शब्द काढला नसता.

“सावित्री,” ते म्हणाले, “पदर खोच आणि चल. आज तुला सगळ्या मांडवीत आपली अवदसा सांगत फिरायचं आहे.”

५

आप्पा विचारायला गेले असते तर सात जन्मांत कुणी बोललं नसतं. सावित्रीबाई शेजारच्या चिमाच्या ओटीवर बसल्या आणि पान लावता लावता म्हणाल्या, “बाय गो, आमचा नारळ नासका निघाला बघ. मला मेलीला रात्रभर झोप नाही.”

चिमाचा अडकित्ता हातातच राहिला. “तुमचा पन?” ती पुटपुटली. मग दार लोटून घेऊन तिने सांगितलं, की तिचाही. तिने खाडीत टाकला होता आणि नवऱ्याला म्हणाली होती मांजराने नेला. तिथून सगुणाकडे. सगुणाने तर देवाला कौल लावायचं ठरवलं होतं. राहीने शेणाच्या खड्ड्यात पुरला होता आणि दोन दिवस सासूशी भांडत होती, कारण तिला वाटत होतं करणी सासूचीच.

“कुंकवाच्या बोटांचा होता?” प्रत्येकीला सावित्रीबाईंनी विचारलं.

प्रत्येकीचा तोच होता.

“आणि डांबराच्या ठिपक्याचा कुणाकडे आला?”

“आमच्याकडं आला,” सगुणा म्हणाली. “गोड! साखरंसारखा! जनीच्या दारचा माड हाय ना, त्याचाच. पन भागोजीचा नारळ गोड लागला असं बोलायचं कसं आता? लोकं म्हनतील, तुला त्याचा पुळका.”

सावित्रीबाई घरी आल्या तेव्हा आप्पा अंगरखा घालून तयार होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी काठी उचलली. गावकी बसायची वेळ झाली होती.

६

पारावर पुरुष, पाराच्या कडेने बायका. मध्ये सुकाणू ठेवलेलं. एका बाजूला भागोजी उभा, त्याच्या मागे जनी. नाखवा गावकऱ्यांच्या शेजारी मानाच्या जागी, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षमा ओसंडून वाहत होती.

“शेंदराचं आम्हांला कळलं, फौजदारसाहेब,” तो आपण होऊनच म्हणाला. “पण त्यात काय? त्याने कापून आणलं, आम्ही भोळ्या भावाने शेंदूर लावला. आम्हांला काय ठाऊक!”

“बरोबर,” आप्पा म्हणाले. “शेंदूर काही सांगत नाही. शेंदूर सोडून द्या. मी एकच विचारतो. खुंटी ज्याने कापली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की जयवंती हरणार. म्हणजे तिच्यावर लावलेले नारळ बुडणार. पटतं?”

माना हलल्या.

“आता मला सांगा. नारळ बुडणार हे ठाऊक असताना मांडवीतला माणूस चांगला नारळ लावील?”

आधी कुणीतरी हसलं, मग सगळा पार हसला. उत्तर प्रत्येकाला आपापल्या घरून ठाऊक होतं. इथला माणूस वेळ पडली तर गळा देईल, पण चांगला नारळ फुकट जाऊ देणार नाही.

“भागोजीचे नारळ ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी बोलावं.”

“गोड व्हते!” सगुणा म्हणाली. मग आणखी दोघी-तिघी. “माझ्या घरी तीन वेळा भात वाढून घेतला,” सावित्रीबाई म्हणाल्या आणि आप्पांनी खाकरून तो विषय तिथेच बंद केला.

“आता नाखव्याचे.”

बायका एकमेकींकडे बघतात, पायाकडे बघतात. अखेर सावित्रीबाईच पुढे झाल्या. “आमचा नासका निघाला. परसात पुरला.” तसा बांध फुटल्यासारखा झाला. आमचाही, आमचाही! एकीने पुरला, एकीने बुडवला, आणि प्रत्येक घर दोन दिवस आपल्याच नशिबाला बोल लावत बसलं होतं. पुरुष आ वासून आपापल्या बायकांकडे बघू लागले.

नाखव्याने हात जोडले. “अरेरे! पण मंडळी, नारळाच्या पोटातलं कुणाला दिसतं? वाईट निघाले असतील. माणसाच्या हातात काय आहे!”

“हेही बरोबर,” आप्पा म्हणाले. “दादू, तुझा धंदा कसला?”

“नारळाचा. आजोबांपासून.”

“मुंबईला माल जातो. निवडतं कोण?”

“मी स्वतः. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.”

“कधी माल परत आला?”

“एक नारळ परत आलेला नाही!” नाखव्याची मान ताठ झाली.

“मग दादू, म्हातारा झालास. हात गेला तुझा. अख्खं पोतं नासकं, आणि तुला पत्ता नाही! तुझ्या मुंबईच्या अडत्याला कुणीतरी कळवायलाच हवं, की दादू नाखव्याला हल्ली नारळ कळत नाही. बिचाऱ्याची उगाच फसगत नको.”

“कळत नाही? मला?” दादू उसळून उभा राहिला. कपाळावरचं गंध घामाने ओघळलं. “मला नारळ कळत नाही म्हणता? नुसता जमिनीवर लोळवला तरी सांगेन! एकेक कानाशी हलवून, पाणी न वाजणारा तेवढा बाजूला काढलेला मी! जायचेच होते ते, त्यांत चांगले कोण घाल—”

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. पारावरची माणसं एकदम पुढे सरकली.

“बाबल्या,” आप्पा न वळताच म्हणाले, “बस खाली, पळू नकोस. कुंपण कुणाच्या बागेला घालणार होतास?”

 बाबल्या पाराखालीच बसला आणि त्याने सगळं ओकून टाकलं. लांज्याला एका बागायतदाराने जयवंतीच जिंकणार म्हणून आपली हापूसची बाग लावली होती. समोरून सोनसळीवर बाबल्याचं नाव, पण मागे दादू. आणि पणाला जयवंती, अख्खी होडी. लांज्याला कुठे खांद्याचा नेम! पैजेच्या मिठाची महती गावाला सांगून हा माणूस घरी आला, पोरांच्या हातात झांजा दिल्या, आणि देवासमोर बसून कानस चालवली. रघूचा हात मोडला त्याचं त्याला काही नव्हतं. वर आणि चांगले नारळ वाचवले.

“थू!” आप्पा म्हणाले. “चोरी केलीस तीही चिक्कूपणाने. पोतंभर चांगले नारळ लावले असतेस, तर मी म्हातारा काठी आपटत बसलो असतो आणि हा भागोजी गिरणीत मेला असता.”

७

गावकीने काय ते ठरवलं. बाग ज्याची त्याला. जयवंती या मोसमात भागोजीच्या हाती, आणि नाखव्याच्या वाट्याचं उत्पन्न रघूला. त्या संध्याकाळी बायकांनी उरलेसुरले नासके नारळ उकरून दादूच्या अंगणात नेऊन टाकले. वास तीन वाड्यांपर्यंत गेला.

पण ते नंतरचं. निकाल लागताच सगळा पार भागोजीच्या गळ्यात पडायला धावला. परवा ज्यांनी त्याच्या दारावर थुंकी टाकली होती, तेच पुढे. “आम्ही म्हणतच होतो!” “नवीन खुंटी घाल, पुन्हा शर्यत लावू! माझे नारळ तुझ्यावर, भागोजी!”

भागोजीने सुकाणू उचलून खांद्यावर घेतलं. तो फार बोलणारा नव्हता.

“होडीवर लावलेत, वाऱ्यावर लावलेत,” तो म्हणाला. “मी खरा असंन, यावर एकानंसुद्धा एक नारळ लावला नाय.” आणि माणसं बाजूला सारत तो किनाऱ्याकडे चालू लागला.

मांडवीची ती थोबाडं बघून आप्पांना मोठं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना पडवीच्या कट्ट्यावरचा नारळ आठवला. भागोजी खरा आहे म्हणून ते तरी कुठे बाहेर पडले होते? मांडवी मूर्ख आहे म्हणून पडले होते. लावली नव्हती पैज. आणि तुमची कशावर खात्रीच नसेल, असं एका बाईने त्यांना पडवीत येऊन सुनावलं होतं, ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीने जे पाहिलं ते पुढे कितीतरी वर्षं सांगितलं. पेन्शनर फौजदार आप्पा विचारे, डोक्यावर पगडी, अंगात कोट, आणि खांद्यावर नारळांचं पोतं. गड्याला हात लावू दिला नाही. वाटेत दोनदा टेकले, पाठीला कळ आली, तरी पुन्हा उचललं. माणसं दारात येऊन बघत होती. हसायची कुणाची छाती झाली नाही.

जनीच्या अंगणात त्यांनी पोतं उतरवलं. जनीचा एक नारळ कोटाच्या खिशातून काढून वर ठेवला.

“हा तुझा तुला परत. बाकीचे माझे. हरलो.”

“तुमी तर पैज लावत नव्हतात,” जनी म्हणाली.

“नव्हतो लावत,” आप्पा धापा टाकत म्हणाले. “चूक झाली.”

जनीने पोत्यात हात घातला, एक नारळ बाहेर काढला, कानाशी नेला आणि हलवला. आप्पा तिच्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यात कुठल्या वरिष्ठ साहेबासमोर ते असे उभे राहिले नव्हते.

“वाजतोय,” ती म्हणाली, आणि त्यांना बसायला पाट आणायला आत गेली.